सायलेन्सरचं ठिगळ

"रोडच खराब आहेत हो आपल्याकडचे."

गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं. एक पुण्यातला फॅब्रिकेटर, दोन धाराशिवचे वेल्डर, आणि चौथा मी स्वतः. विषय एकच, आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सरचा पाइप, जो दर चार-सहा महिन्यांनी तडकतो. आज शनिवार आहे, हापिसचा लॅपटॉप बंद आहे, तर या चौघांची (माझ्यासकट) जरा हजेरी घेतो.

आधी पार्श्वभूमी. मी पुण्यात नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आई-बाबांना दिली. ते धाराशिवला असतात. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण घरी फोनवर अजून "उस्मानाबादला कधी येतोस?" असंच विचारतात.) गाडी पाठवण्याआधी पुढचा पाइप, म्हणजे इंजिनपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाणारा, गंजून सडला होता. मूळ पार्टची किंमत ऐकून मी दचकलो. एका फॅब्रिकेटरने निम्म्या पैशात "एक नंबर ३०४ स्टेनलेस" टाकून देतो म्हटलं. पाइपात मधे एक जाळीवाला लवचिक तुकडा होता, तोही सडलेला. "तो काढून सरळ पाइप मारतो साहेब, लफडंच नको." मी मीटिंगमध्ये होतो, फोन म्यूटवर होता. अनम्यूट करून "हो, चालेल" म्हणालो आणि परत म्यूट केलं.

या सगळ्या भानगडीचं मूळ त्या "हो, चालेल"मध्ये आहे. पण ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

वर्षभरात पाइप वेल्डच्या कडेला तडकला. बाबांनी फोन केला, मी म्हणालो, "वेल्ड करून घ्या." चार महिन्यांनी परत, जुन्या वेल्डच्या जेमतेम बोटभर बाजूला. "वेल्ड करून घ्या." दिवाळीत घरी गेलो तेव्हा तिसऱ्यांदा. या तीन वेळांत मला मिळालेली स्पष्टीकरणं एकेक करून बघू. कारण प्रत्येक स्पष्टीकरण ऐकायला शंभर टक्के शास्त्रीय वाटतं, आणि त्यातलं एकही नीट टिकत नाही.

स्पष्टीकरण पहिलं : माल डुप्लिकेट आहे.

हे सगळ्यात लाडकं. खिशातून लोहचुंबक काढायचा, पाइपला लावायचा, चिकटला की "बघा, भेसळ!" मंडळी, चुंबक चिकटतो म्हणून स्टेनलेस खोटं ठरत नाही. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, बस्स. निकेल घालून केलेलं ३०४ (साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला दाद देत नाही. पण गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कंपन्या बहुतेकदा ४०९ किंवा ४३९ सारखी फेरिटिक स्टील्स वापरतात. त्यात निकेल जवळपास नसतं, आणि चुंबक अगदी कडक चिकटतो. कंपनीचा जो पाइप वर्षानुवर्षं टिकला त्याला चुंबक चिकटत होता. माझ्या "एक नंबर"ला चिकटत नव्हता, आणि तोच फुटत होता. चुंबकवाल्या पंडितांनी यावर कृपया एक मिनिट विचार करावा :)

४०९ गाडीत वापरतात ते केवळ स्वस्त म्हणून नाही. तापलं की ते कमी फुगतं. एक मीटरचा पाइप साडेचारशे अंशांनी तापला तर ३०४ सुमारे आठ मिलिमीटर लांब होतो, ४०९ पाच-साडेपाच. फरक तीन मिलिमीटरच्याही आत. गूळ तोलताना इतकं कोणी बघत नाही, पण दोन्ही टोकांना जखडलेल्या पाइपासाठी हा जगण्यामरण्याचा हिशेब आहे.

स्पष्टीकरण दुसरं : मराठवाड्याचं ऊन.

हे एका वेल्डरने अगदी गंभीर चेहऱ्याने बाबांना सांगितलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंश होतं, मान्य. पण त्या पाइपाचा धातू गाडी रस्त्याला लागली की सहज चारशे-पाचशे अंशांवर जातो. त्याला बाहेर बेचाळीस आहे की बावीस याने काय फरक पडणार? तव्यावरच्या भाकरीला पंखा चालू आहे की बंद हे विचारण्यासारखं आहे.

स्पष्टीकरण तिसरं : मीठ.

हे माझं स्वतःचं योगदान. रात्री अकरा वाजता इंटरनेटवर शोधलं, आणि अमेरिका-युरोपातल्या लोकांनी लिहिलेलं भरभरून सापडलं. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला लागतं, त्याला बारीक तडे जातात. सगळं खरं आहे. फक्त धाराशिवच्या रस्त्यावर बर्फ कधी पडला, आणि मीठ कोणी टाकलं? कोकणात किनाऱ्यालगत गाडी असती तर खाऱ्या हवेचा विचार केला असता. बालाघाटच्या पठारावर, जिथे पावसाचीच मारामार, तिथे मी मिठाला आरोपी करून शांत झोपलो. दुसऱ्याचा स्टॅकट्रेस वाचून आपला बग बंद करणं, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड.

खरं तर पाणी आतून येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानाने एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. घर ते मंडई, मंडई ते देऊळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत मागचा डबा नीट तापतच नाही. वाफ आतच थिजते, आम्लयुक्त पाणी साचतं, आणि डबा आतून सडतो. बाबांची गाडी नव्वद टक्के अशीच चालते. पण यात भोकं पडतात, तीही मागच्या बाजूला. आमचा तडा पुढे होता, जिथे पाणी टिकतच नाही. म्हणजे हेही आपलं कारण नव्हे.

स्पष्टीकरण चौथं : रस्ते.

आता हे मात्र नाजूक आहे. कारण रस्ते खराब आहेतच. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांनी केलेले चाकोरे, प्रत्येक गावाच्या तोंडाशी रंग न मारलेला गतिरोधक, त्यावर गाडीचं पोट घासल्याचा तो काळजात कळ आणणारा आवाज. सगळं कबूल. पण त्याच रस्त्यांवरून मूळ पाइपाने नऊ वर्षं काढली. दिवाळी, उन्हाळा, लग्नं, सगळे गावचे दौरे याच गाडीने झाले. रस्ते काय माझा पाइप बदलल्यानंतर खराब झाले?

गाडी बनवणाऱ्याला रस्ता माहीत असतो. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला १९६६ पासून एआरएआय ही संस्था आहे. गाड्या आणि त्यांचे भाग हादरवून, दमवून बघणं हे तिथलं रोजचं काम. खड्डा हा डिझाइनच्या हिशेबात धरलेला भार आहे. प्रॉडक्शनला ट्रॅफिक आलं म्हणून सर्व्हर पडला, असं आपण क्लायंटला सांगतो का? (सांगतो म्हणा. पण सांगू नये.)

मग खरं कारण काय?

ते मला दिवाळीत औसा रोडकडच्या एका गॅरेजात कळलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, आणि सत्तरीकडे झुकलेले चाचा. ते गाडीखाली गेले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग खालूनच आवाज आला, "जाळीवाला तुकडा कुठंय?"

"काढला, चाचा. सरळ पाइप मारलाय."

"कोणी सांगितलं काढायला?"

मी गप्प.

मग ते बाहेर आले आणि बाबांना म्हणाले, "सर, गाडी चालू करा, क्लच हळू सोडा अन् ब्रेक दाबून ठेवा." मला बॉनेटखाली बघायला लावलं. इंजिन जागच्या जागी चांगलं दोन बोटं पुढे-मागे डुलत होतं. एका बाजूचं इंजिन फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी बैठकीवर इंजिन बसतं ती, पार फाटलेली. "इंजिन हलणार, बॉडी नाही हलणार. पाइप मधी अडकला. तो काय करील? तुटंल. मी आज जोडतो, पैसे घेतो, चार महिन्यांनी तुम्ही परत येता. माझं काय जातंय?"

तार तोडायची आहे आणि हाताशी पक्कड नाही, तर आपण काय करतो? एकाच जागी इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवतो. एका वाकवण्यात काही होत नाही. विसाव्या वेळी पटकन तुटते. यालाच इंजिनिअरिंगमध्ये फटीग म्हणतात. मी तर पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलंही होतं. जाळीवाला तुकडा असतो तो हे वाकणं स्वतःच्या अंगावर घ्यायला. आत पातळ पत्र्याच्या घड्या, बाहेर तारांची वीण. इंजिन डुललं, पाइप लांबला, तरी तो अकॉर्डियनसारखा जुळवून घेतो. मागे सायलेन्सर लोंबकळतो तो रबरांवर, तेही त्याचसाठी. आमच्या गाडीत पुढचं फाउंडेशन फाटलेलं, मधला लवचिक तुकडा मी काढलेला, आणि मागचं एक रबर तुटल्यावर कोणीतरी त्या जागी चक्क लोखंडी तार पिळून घट्ट बांधलेली. म्हणजे जिथे जिथे हलायची सोय होती, तिथे तिथे आम्ही ती बंद केली होती. आणि मग त्यात जास्त फुगणारं स्टील घातलं होतं.

वाकण्याचा हा जोर सगळ्यात जास्त कुठे बसतो? वेल्डच्या कडेला. तिथे जाडी एकदम बदलते, आणि वेल्डच्या उष्णतेने धातूचा पोतही बदललेला असतो. त्यात ३०४ ला अजून एक खोड आहे. साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते बराच काळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. सीमेलगत क्रोमियम कमी पडतं, आणि नेमक्या त्या रेषेत 'स्टेनलेस' स्टेनलेस राहत नाही. गाडीसाठीच्या ४०९ मध्ये कार्बनला धरून ठेवायला टायटॅनियम घातलेलं असतं. 'एक नंबर' ३०४ मध्ये ते नसतं. भांड्यासाठी उत्तम असलेलं स्टील प्रत्येक जागी उत्तम असेलच असं नाही.

आता वेल्डिंगबद्दल. पहिल्या दोन्ही वेळा आमचा पाइप साध्या लोखंडाच्या रॉडने जोडला होता. लोखंडाचा रॉड आणि स्टेनलेस यांचं मिश्रण कडक आणि ठिसूळ होतं, आणि गंजतंही. ३०४ ला ३०८एलचा रॉड लागतो, वेगळ्या जातीच्या स्टीलला जोडायचं तर ३०९एल. आर्गन वेल्डिंग केलं तर पाइपच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड जळून त्याचे खरबरीत काळे दाणे होतात. जगभरचे वेल्डर त्याला शुगरिंग म्हणतात. आमच्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ही साखर मात्र कोणी पाहत नाही, कारण ती पाइपच्या आत असते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

यात वेल्डरला शिव्या घालायचा मोह होतो. मी घालणार नाही. ज्या गिऱ्हाइकाने आयुष्यात कधी "रॉड कोणता वापरताय?" असं विचारलं नाही, फक्त "किती घेणार? अहो, परवा तर कमी घेतले होते," एवढंच विचारलं, त्याला लोखंडाचाच रॉड मिळणार. आर्गनचं नळकांडं आपल्या घासाघिशीतून भरत नाही.

आणि आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. मी चाचांना म्हणालो, "मग जरा जाड पाइप टाकूया का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही भूकंपाच्या टायमाला कुठं होते?"

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आमच्या जिल्ह्यातही सास्तूर आणि लोहारा-उमरग्याकडची गावं गेली. हजारो माणसं झोपेत मेली. मेली ती मुख्यतः घरांखाली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं जड माळवद. पिढ्यानपिढ्या आपण त्याला 'मजबूत घर' म्हणत आलो होतो. जमीन हलली तेव्हा त्या घरात हलायची सोय नव्हती. जेवढी भिंत जाड तेवढा ढिगारा मोठा.

तुलना जड आहे, मला कळतं. पाइप आणि माणसं एका मापाने मोजायची नाहीत. पण ज्या जिल्ह्याने ही गोष्ट इतकी मोठी किंमत देऊन शिकली, तिथला मुलगा चार भिंतींचं इंजिनिअरिंग शिकून येतो आणि म्हणतो "जाड टाका." जे हलणारच आहे त्याला घट्ट आवळून मजबूत करता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एका पाइपावर एवढं काय? वेल्ड करायला काही फार पैसे लागत नाहीत. वर्षातून दोनदा केलं तर बिघडलं काय?

बिघडलं ते सांगतो. आईला गेलं वर्षभर 'गाडी लागत' होती. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी महिन्या-दीड महिन्याने सोलापूरला जाणं असायचं. तुळजापूर ओलांडून घाट उतरेपर्यंत तिचं डोकं दुखायला लागायचं, मळमळायचं. आम्ही सगळ्यांनी एकमताने निदान केलं होतं, पित्त. आवळा सुपारी, लिंबू, पुढच्या सीटवर बस, उपाशी निघू नकोस. ती एकदा म्हणालीही होती, "एसटीत नाही रे मला असं होत." मी म्हणालो, "एसटीला खिडक्या उघड्या असतात, आई."

वाक्य बरोबर होतं. ऐकलं मात्र मीच नाही.

तडा कन्व्हर्टरच्या आधी होता. म्हणजे तिथून गळणारा वायू अजून शुद्ध न झालेला, कार्बन मोनॉक्साइडसकट. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. सुरुवातीची लक्षणं : डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. अगदी पित्तासारखी. जुन्या गाडीच्या तळाची रबरं कडक झालेली, एसी चालू, काचा बंद, आणि गाडी नाक्यावर उभी.

पाइप नीट झाल्यावर आई चार वेळा सोलापूरला जाऊन आली. एकदाही डोकं दुखलं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, रक्त तेव्हा कोणी तपासलं नव्हतं. पण मी "वेल्ड करून घ्या" हे फोनवर किती सहज म्हणालो होतो, ते आठवून अजून पोटात खड्डा पडतो.

गंमत म्हणजे याच काळात गाडीची पीयूसी झाली आणि मस्त पास झाली. होणारच. पीयूसीची नळी मागच्या टोकाला घालतात. मधल्या तड्यातून वायू बाहेर जातो तशी बाहेरची हवा आतही ओढली जाते, आणि आकडा उलट छान येतो. तडा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर त्या हवेने सेन्सरही फसतो आणि इंजिनला जास्त पेट्रोल पाजतो. म्हणजे कागदावर गाडी स्वच्छ, खिशाला भोक आणि आत बसलेल्या माणसाला डोकेदुखी. माझं तर म्हणणं आहे, पीयूसी देण्याआधी मागच्या टोकावर दोन-तीन सेकंद फडकं धरून पुढे कुठे फुसफुस ऐकू येते का, एवढं बघणं सक्तीचं करा. त्याला ना मशीन लागतं, ना सॉफ्टवेअर.

१९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हापासून सायलेन्सर म्हणजे नुसतं धुराडं राहिलेलं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर तो एक छोटा रासायनिक कारखानाच आहे. आपण अजून त्याला फुटक्या बादलीसारखं वागवतो.

आणि आपण म्हणजे मी आणि तुम्ही, आयटीवाले. आपल्याला हे कळायला हवं होतं. एक्सेप्शन आलं की रिकामा कॅच ब्लॉक टाकून ते गिळणाऱ्या ज्युनियरला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. तडा म्हणजे एक्सेप्शनच आहे. तो सांगत असतो की वर कुठेतरी काहीतरी फाटलंय. वेल्ड मारणं म्हणजे ते गिळणं. आणि एकाच मॉड्यूलला तिसऱ्यांदा हॉटफिक्स लागला, तर दोष त्या ओळीत नसतो, हे तरी आपल्याला कोणी शिकवायला नको.

तर पुढच्या वेळी तुमच्या, आणि विशेषतः गावी आई-बाबांकडे असलेल्या गाडीचा पाइप तडकला, तर वेल्डरकडे जाण्याआधी इंजिन फाउंडेशन बघा. जाळीवाला तुकडा जागेवर आहे का बघा. मागची रबरं बघा, आणि तार बांधली असेल तर आधी ती सोडा. मग रॉड कोणता ते विचारा, आणि त्याचे पैसे न कुरकुरता द्या. जागोजागी शिवलेला पाइप असेल तर सरळ बदला. तोपर्यंत काचा उघड्या ठेवा.

चाचांनी फाउंडेशन, जाळीवाला तुकडा आणि तीन रबरं बदलली. मजुरी सांगितली तेव्हा सवयीने माझ्या तोंडून "काही कमी..." एवढं निघालंच. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं.

असो. उद्या रविवार आहे. घरी फोन करा, आणि गाडीत बसल्यावर कोणाचं डोकं दुखतं का, ते विचारा.